रक्तातले वाटसरू

“गाठीला सुई लावू देऊ नका. सुई लागली की ती पसरते.”

कर्करोगाची शंका आलेल्या घराच्या उंबरठ्यावर हे वाक्य कुणी ना कुणी उच्चारतोच. उच्चारणारा बहुधा मायेचा माणूस असतो. त्याने कुठेतरी पाहिलेले असते: गाठ होती, शस्त्रक्रिया झाली, दोन वर्षे बरी गेली, आणि मग पाठीच्या मणक्यात किंवा यकृतात तोच आजार पुन्हा उभा राहिला. शस्त्र आधी आले आणि मरण मागाहून, म्हणून दोहोंची मनात सांगड बसली. हा समज अडाणीपणाचा म्हणून झटकून टाकणे सोपे आहे. परंतु ज्या प्रश्नातून तो उपजला, तो प्रश्न वैद्यकशास्त्राच्या धुरीणांनाही दीडशे वर्षे सतावत आला आहे. स्तनातली गाठ मणक्यात पोहोचते कशी? कोणत्या वाटेने? आणि त्या वाटेवर तिला अडवून ‘तू कोण’ असे विचारता येईल काय?

या प्रश्नाच्या इतिहासाचा आरंभ ऑस्ट्रेलियातील मेलबर्न शहरी होतो. १८६९ साली थॉमस ॲशवर्थ नावाच्या डॉक्टराने तेथील वैद्यकीय नियतकालिकात एका रुग्णाची हकिगत प्रसिद्ध केली. रुग्णाच्या शरीरावर अनेक ठिकाणी गाठी उठल्या होत्या. त्याच्या मृत्यूनंतर ॲशवर्थने त्याचे रक्त सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले आणि तो थबकला. रक्ताच्या नेहमीच्या पेशींमध्ये काही परक्या, मोठ्या पेशी दिसत होत्या. त्याने त्या गाठींतील पेशींशी ताडून पाहिल्या. दोन्ही एकसारख्या होत्या. विशेष म्हणजे हे रक्त गाठीजवळचे नव्हते, ते निरोगी पायाच्या शिरेतून घेतलेले होते. या पेशी जर गाठीतूनच आल्या असतील, तर रक्ताभिसरणाचा बहुतेक सारा फेरा करूनच त्या तिथवर पोहोचल्या असल्या पाहिजेत, असा तर्क त्याने मांडला. एकाच माणसाला अनेक ठिकाणी गाठी का होतात, यावर कदाचित यातून प्रकाश पडेल, एवढेच तो नम्रपणे म्हणाला.

त्या काळी ही नम्रता योग्यच होती. कर्करोग पेशींच्या प्रवासाने नव्हे, तर शरीरातील कसल्यातरी दूषित रसाने पसरतो, असे मानणारे मोठमोठे अधिकारी पुरुष होते. पेशीविज्ञानाचा पाया घालणारा जर्मन पंडित रुडॉल्फ फिर्खो हाही त्यांतलाच. दूरच्या वसाहतीतील एका डॉक्टराची एका रुग्णावरची नोंद त्यांच्यापुढे कितीशी टिकणार? ती छापली गेली आणि पुष्कळ काळ पडून राहिली.

वीस वर्षांनी, १८८९ मध्ये, लंडनचे शल्यवैद्य स्टीफन पॅजेट यांनी तोच प्रश्न दुसऱ्या टोकाकडून हाती घेतला. त्यांनी रक्त पाहिले नाही, शवविच्छेदनाच्या वह्या पाहिल्या. स्तनाच्या कर्करोगाने मृत्यू पावलेल्या ७३५ स्त्रियांच्या नोंदी त्यांनी चाळल्या. पेशी रक्ताबरोबर वाहत जाऊन केवळ योगायोगाने कुठेही अडकत असत्या, तर भरपूर रक्त मिळणाऱ्या सर्वच अवयवांत गाठी सारख्याच प्रमाणात आढळावयास हव्या होत्या. प्रत्यक्षात यकृतात त्या २४१ जणींमध्ये होत्या, आणि प्लीहेत अवघ्या १७ जणींमध्ये. यावरून पॅजेट यांनी ‘बी आणि माती’ हा सिद्धान्त मांडला. बी चहूकडे उडते. रुजते मात्र अनुकूल मातीतच. पेरणाऱ्याचा दृष्टान्त लहानपणापासून ऐकलेल्या आपल्या वाचकांस ही कल्पना नवी वाटणार नाही. वैद्यकशास्त्राला मात्र ती पचावयास वेळ लागला. १९२८ मध्ये जेम्स युइंग या अमेरिकन विकृतिशास्त्रज्ञाने रक्तप्रवाहाच्या दिशेवरूनच सारे उलगडते असे प्रतिपादन केले, आणि पुढील अनेक दशके तेच मत मानले गेले.

शल्यवैद्य तोवर तिसऱ्याच कल्पनेने झपाटले होते. रोग गाठीतून काखेतल्या ग्रंथींकडे पायरीपायरीने सरकतो, तेव्हा जितके अधिक कापू तितका रोगी सुरक्षित, या समजुतीने अमेरिकेतील विल्यम हॉल्स्टेड यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस स्तन, त्याखालचे स्नायू आणि काखेतील ग्रंथी असे सारे काढून टाकणारी शस्त्रक्रिया रूढ केली. पुढे सुमारे पाऊणशे वर्षे असंख्य स्त्रियांनी ती सोसली. बर्नार्ड फिशर यांनी तिच्याविषयी गंभीर शंका उपस्थित केली. पुष्कळ रुग्णांमध्ये पेशी आरंभीच रक्तात उतरलेल्या असतात, मग छाती अधिक खरवडून काय साधणार, असा त्यांचा प्रश्न होता. १९७१ पासून सोळाशेहून अधिक स्त्रियांवर झालेल्या त्यांच्या तुलनात्मक अभ्यासाची पंचवीस वर्षांनंतरची आकडेवारी २००२ मध्ये प्रसिद्ध झाली. मोठ्या शस्त्रक्रियेने आयुष्य वाढल्याचे तीत दिसले नाही. आज लहान गाठ असलेल्या स्त्रीचा स्तन वाचवता येतो, याच्या मुळाशी रक्तातल्या या वाटसरूंविषयीचा विचार आहे, हे आपल्यापैकी किती जणांस ठाऊक असेल?

आता सुईच्या आणि सुरीच्या भीतीकडे वळू. १९५५ मध्ये एंगेल या डॅनिश शल्यवैद्याने शस्त्रक्रियेच्या वेळी गाठीकडून वाहून येणाऱ्या शिरांतले रक्त तपासून त्यात कर्कपेशी असल्याचे दाखवले. वैद्यकविश्वात एकच खळबळ उडाली. म्हणजे आपल्याच हातांनी आपण रोग पसरवतो की काय? अमेरिकेत रुपर्ट टर्नबुल यांनी मोठ्या आतड्याच्या कर्करोगासाठी ‘स्पर्श न करता’ शस्त्रक्रिया करण्याची पद्धत पुरस्कारली: आधी शिरा बांधायच्या आणि मगच गाठीला हात लावायचा. १९६७ मध्ये त्यांनी आपले निष्कर्ष मांडले, आणि ते इतके पटण्याजोगे होते की पुष्कळांनी पद्धत उचलली. तिची खरी कसोटी लागायला पन्नासहून अधिक वर्षे जावी लागली. जपानमध्ये आठशेहून अधिक रुग्णांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी दोन गटांत विभागणी करून अभ्यास झाला; २०२२ मध्ये निकाल लागला तो असा, की स्पर्श न करण्याने रुग्णांचा विशेष लाभ होत नाही.

मधल्या काळात एक लाजिरवाणा अध्यायही घडून गेला. एंगेलनंतर जो तो रक्तात कर्कपेशी शोधू लागला आणि जो तो त्या सापडल्याचे सांगू लागला. १९६५ च्या सुमारास जाणत्या पेशीतज्ज्ञांनी त्या काचपट्ट्या पुन्हा काढून पाहिल्या. पुष्कळशा तथाकथित कर्कपेशी म्हणजे अस्थिमज्जेतून भटकत आलेल्या मोठ्या, परंतु सर्वस्वी निरुपद्रवी पेशी निघाल्या. पाहणाऱ्याच्या डोळ्यांना हवे तेच दिसले होते. या विषयाची पत गेली आणि पुढची बरीच वर्षे फारसे कुणी त्या वाटेला गेले नाही.

तरीही मूळ कोडे शिल्लक होतेच: रक्तात पेशी असतात, मग प्रत्येक रुग्णाच्या अंगभर गाठी का उठत नाहीत? १९७० मध्ये आयझेया फिडलर यांनी उंदरांच्या शिरेत किरणोत्सर्गी खूण केलेल्या कर्कपेशी सोडल्या आणि त्यांचा माग काढला. चोवीस तासांनंतर शंभरातली एकही धड जिवंत नव्हती. हजारात एकीलाही नवी गाठ उभारता आली नाही. रक्ताचा जोर, आपल्या संरक्षक पेशींचा हल्ला आणि परकी जागा या साऱ्यांतून तरणे त्यांना जवळजवळ अशक्यच असते.

माणसांतला पुरावा १९८४ मध्ये मिळाला, तोही अनपेक्षित मार्गाने. अंडाशयाच्या व इतर कर्करोगांत काही रुग्णांच्या पोटात पाणी साठते. त्या यातना कमी व्हाव्यात म्हणून नळी बसवून ते पाणी थेट मानेच्या मोठ्या शिरेत सोडण्याचा उपाय तेव्हा केला जाई. त्या पाण्याबरोबर लक्षावधी जिवंत कर्कपेशी दिवसामागून दिवस रक्तात जात. ऑक्सफर्डच्या डेव्हिड टॅरिन यांनी सहकाऱ्यांसह अशा रुग्णांची मृत्यूनंतर तपासणी केली, तेव्हा अनेकांच्या फुफ्फुसांत वा इतरत्र नव्या गाठींचा मागमूस नव्हता. काहींच्या अंगी त्या होत्या, पण लहान व निद्रिस्त. बी अक्षरशः ओतले गेले होते, माती मात्र तयार नव्हती. पॅजेट पंचाण्णव वर्षांनी खरे ठरले.

सुईने गाठ तपासल्यास रोग पसरेल या भीतीचे उत्तरही यातच आहे. सुईच्या वाटेवर चार पेशी सांडल्या, तरी त्या रुजण्याचा संभव फार थोडा असतो. काही मोजक्या प्रकारच्या गाठींत डॉक्टर सुईची जागा विचारपूर्वक निवडतात किंवा सुई टाळतात. एरवी मात्र निदानावाचून दवडलेले महिनेच अधिक घातक असतात.

रक्तातल्या पेशीकडे शास्त्रज्ञ पुन्हा वळले ते एका साधनामुळे. १९७५ मध्ये केंब्रिज येथे कोलर आणि मिल्स्टाइन यांनी एकाच जातीची प्रतिपिंडे हवी तेवढी तयार करण्याची युक्ती शोधली. अशी प्रतिपिंडे एका विशिष्ट खुणेलाच चिकटतात. गाठी बहुतांशी त्वचेच्या, स्तनाच्या, आतड्याच्या अस्तरासारख्या पेशींपासून बनतात आणि त्या पेशींवर एक ठरावीक प्रथिन असते. रक्तपेशींवर ते नसते. मग त्या प्रथिनाला चिकटणारी प्रतिपिंडे लोहाच्या अतिसूक्ष्म कणांवर चढवायची, कण रक्तात मिसळायचे आणि लोहचुंबक जवळ धरायचा. कर्कपेशी कणांसह ओढली जाते, बाकीचे रक्त वाहून जाते. याच तत्त्वावरची पद्धत अमेरिकेतील जोनाथन उर, लिऑन टर्स्टॅपेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केली.

काम किती बारीक आहे याची कल्पना यावी म्हणून एक हिशेब देतो. या तपासणीसाठी ७.५ मिलिलिटर, म्हणजे औषधाच्या दीड चमच्याएवढे रक्त घेतात. त्यात तांबड्या पेशी तीन हजार कोटींहून अधिक आणि पांढऱ्या पेशी काही कोटी असतात. त्यांतून शोधायच्या त्या पाच, दहा, कधी एखादीच. जत्रेत हरवलेले मूल शोधणे त्यापुढे काहीच नव्हे.

२००४ मध्ये या पद्धतीला अमेरिकन सरकारची मान्यता मिळाली आणि त्याच वर्षी १७७ स्त्रियांवरील अभ्यास प्रसिद्ध झाला. स्तनाचा कर्करोग इतरत्र पसरलेल्या या स्त्रियांपैकी ज्यांच्या दीड चमचा रक्तात पाच वा अधिक पेशी होत्या, त्यांचे मध्यम आयुर्मान सुमारे दहा महिने ठरले. पाचांहून कमी असणाऱ्यांचे अठरा महिन्यांच्या वर गेले. २००७ मध्ये अमेरिकेत काम करणाऱ्या, मूळच्या भारतीय सुनीता नागराथ व बोस्टन येथील त्यांच्या सहकाऱ्यांनी लहानशा काचपट्टीएवढ्या तबकडीवर ७८,००० सूक्ष्म खांब उभारून त्यांमधून रक्त वाहू दिले. प्रतिपिंडे लावलेल्या खांबांना पेशी चिकटत. आता उपचाराची दिशा रक्ताच्या थेंबावरून ठरेल, अशी आशा निर्माण झाली.

आणि इथेच, माझ्या मते, या इतिहासातला सर्वांत शिकवणारा प्रसंग येतो. तो यशाचा नाही. अमेरिकेतील एका मोठ्या सहकारी अभ्यासात ५९५ स्त्रियांची नोंद झाली. औषधोपचाराच्या पहिल्या फेरीनंतर, सुमारे तीन आठवड्यांनी, पुन्हा रक्त तपासले. ज्यांचा पेशींचा आकडा खाली आला नव्हता अशा १२३ जणींपैकी निम्म्यांना तेच औषध चालू ठेवले, निम्म्यांचे लगेच बदलले. तर्क निर्दोष होता: औषध लागू पडत नाही हे लवकर कळले, तर लवकर बदलावे. २०१४ मध्ये निकाल आला. औषध न बदललेल्या गटाचे मध्यम आयुर्मान १०.७ महिने, बदललेल्याचे १२.५. हा फरक योगायोगाहून वेगळा म्हणता येण्याजोगा नव्हता. आकडा वाईट बातमी अचूक सांगत होता. परंतु त्या बातमीने रुग्णाच्या हाती काही दिले नाही. बदलून दिलेले औषधही त्याच कुळातले, त्याच पेशींना न जुमानणारे होते. पेशी किती हे कळले होते. पेशी कशी हे कळले नव्हते.

रोग्याच्या उशाशी बसलेल्यांना हा भेद चांगला समजतो. अहवालातला आकडा वाढला हे कळते, मग डॉक्टरांकडे सारे डोळे लागतात: आता पुढे काय?

‘पेशी कशी’ या प्रश्नाचे पहिले स्पष्ट उत्तर त्याच २०१४ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स संस्थेतून आले. पुरुषांच्या प्रोस्टेट ग्रंथीचा कर्करोग पुरुषी संप्रेरकावर पोसतो. पेशीत त्या संप्रेरकाचे एक कुलूप असते. संप्रेरकाची किल्ली लागली की वाढ सुरू होते. एन्झालुटामाइड आणि अबिराटेरोन ही औषधे हा किल्ली-कुलपाचा व्यवहारच बंद पाडतात. परंतु काही कर्कपेशींत हे कुलूप अर्धवट घडलेले असते. किल्ली लावण्याचा भागच त्याला नसतो आणि ते कायमचे उघडे राहते. असे कुलूप असल्यास ती औषधे करणार काय? प्रत्येक औषधाच्या ३१ रुग्णांच्या रक्तातील कर्कपेशी तपासल्या. एका गटात १२ जणांत, दुसऱ्यात ६ जणांत हे सदोष कुलूप सापडले, आणि त्या अठरांपैकी एकालाही औषधाचा गुण आला नाही. पुढे २०१६ मध्ये प्रत्येक पेशी वेगळी पाहून तिच्या केंद्रकात हे प्रथिन आहे किंवा नाही हे तपासण्याची पद्धत प्रसिद्ध झाली. ज्यांच्यात ते होते, त्यांना या गोळ्यांऐवजी टॅक्सेन वर्गातील शिरेतून द्यावयाचे औषध दिले असता ते अधिक काळ जगल्याचे दिसले. यात मोजणीहून अधिक काही होते. पेशीने स्वतःच कोणते औषध नको हे सांगितले होते. बोस्टनमध्ये तर २०१४ साली सहा स्त्रियांच्या रक्तातील कर्कपेशी प्रयोगशाळेत वाढवून त्यांच्यावर निरनिराळी औषधे आजमावून पाहण्यात आली. प्रत्येकीच्या पेशी निराळ्या वागल्या.

या मार्गातले अडथळेही सांगितले पाहिजेत. प्रवासाला निघालेल्या काही पेशी वेषांतर करतात. ज्या खुणेवरून लोहकण त्यांना पकडतात ती खूणच टाकून देतात आणि निसटतात. आकड्यांच्या वापराचेही तसेच. फ्रान्समध्ये ७७८ स्त्रियांवरील अभ्यासात पेशींच्या संख्येवरून संप्रेरकांच्या गोळ्या द्याव्यात की तीव्र औषधे, हे ठरवले गेले, आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालानुसार ते डॉक्टरांच्या निवडीहून उणे ठरले नाही. परंतु निकाल हाती येईतो नव्या गोळ्या आल्या आणि मूळ पेचच बदलून गेला. दरम्यान रक्तात सुट्या पडलेल्या कर्करोगाच्या डीएनएच्या तुकड्यांची तपासणी पुढे निघून गेली. फुप्फुसाच्या कर्करोगात औषध निवडण्यासाठी ती आज नित्याच्या वापरात आहे. अखंड पेशीची तपासणी पुणे आणि नाशिक येथेही विकसित झाली आहे. तथापि केवळ पेशींच्या आकड्यावर उपचार ठरवण्याची प्रथा बहुतेक ठिकाणी अजून पडलेली नाही. म्हणून अशी तपासणी कुणी सुचवल्यास एकच प्रश्न विचारावा: निकाल असा आला तर कोणते औषध, आणि तसा आला तर कोणते? त्याला उत्तर नसेल तर खर्च करण्यापूर्वी थांबावे.

पेशी मात्र अजून नवे काही सांगतच आहेत. २०२२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये ३० स्त्रियांचे रक्त पहाटे चारला आणि सकाळी दहाला घेण्यात आले. सापडलेल्या कर्कपेशींपैकी ७८ टक्क्यांहून अधिक पहाटेच्या, म्हणजे झोपेतल्या रक्तात होत्या. दिवसा मोजून आपण काय मोजत होतो, असा प्रश्न त्याने उभा केला. त्याच संशोधकांचे प्रमुख निकोला आचेटो यांनी पूर्वी बोस्टनमध्ये दाखवले होते की एकट्या पेशीपेक्षा घोळक्याने फिरणाऱ्या पेशी नवी गाठ उभारण्यात २३ ते ५० पटींनी समर्थ असतात. मग घोळका फोडता येईल काय? हृदयविकाराच्या वृद्ध रुग्णांच्या औषधांच्या डब्यात पूर्वापार असलेले डिगॉक्सिन त्यांनी नऊ स्त्रियांना दिले आणि घोळके किंचित लहान झाल्याचे २०२५ मध्ये नोंदवले. नऊ ही संख्या फार लहान आहे, आयुष्य वाढले किंवा नाही हे त्यातून कळत नाही, आणि डिगॉक्सिनची मात्रा थोडी जरी चुकली तरी जिवावर बेतते. तेव्हा वाचकांपैकी कुणी ते स्वतःहून घेण्याचा विचारही करू नये.

शस्त्रक्रियेच्या क्षणी पेशी सुटतात, या १९५५ च्या धास्तीचे एक उत्तर आपल्या मुंबईतूनही आले आहे. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयातील डॉ. राजेंद्र बडवे व त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतातील अकरा केंद्रांतील सुमारे सोळाशे स्त्रियांचा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध केला. शस्त्रक्रियेपूर्वी सात ते दहा मिनिटे, गाठीच्या सभोवती लिग्नोकेन टोचायचे. दात काढताना जागा बधिर करतात तेच औषध, किंमत अगदी नगण्य. पाच वर्षांनी ते टोचलेल्यांपैकी ९०.१ टक्के स्त्रिया हयात होत्या, न टोचलेल्यांपैकी ८६.४ टक्के. ते कसे काम करते याविषयी अद्याप तर्कच आहेत, आणि असा अभ्यास दुसरीकडेही व्हावा अशी मागणी आहे. गाठीभोवती चहूबाजूंनी सुई टोचूनच तो झाला.